दोन बोटं उजवीकडं

बसा हो पावनं, बसा. बंदुका कुठं पळून जात न्हाईत. सा वरसं झाली माळ्यावर पडल्यात, अजून घटकाभर पडतील. बघा, दस्ता हातात धरून बघा, मन भरलं तर घिऊन जावा. पण त्याआधी चहा व्हईस्तोवर एक गोष्ट ऐका. जत्रंत फुग्यांचा स्टॉल लावायचा म्हणताय न्हवं? आणि सुरुवात चिंचणीमाळच्या म्हसोबाच्या जत्रंपास्नं? मग ऐकलीच पायजे. ऐकल्याबिगर मी बंदूक हातची सोडणार न्हाई, आधीच सांगतो.

त्याच जत्रंतली गोष्ट. तेरा वरसं झाली. मी टेम्पोतनं सामान उतरवलं आणि बघतो तर माझ्या जागंवर तंबू! देवळाच्या कमानीसमोर, चिंचंखाली, बावीस वरसं माझा स्टॉल. नारळ फोडून भायेर पडलेला माणूस पयला माझ्या बंदुकीपुढं यायचा. आणि तितं ह्यो काळ्या ताडपत्रीचा तंबू, त्येच्यावर रंगानं लिवलेलं 'जंगल शिकार', आणि मागं जनरेटर धडधडतोय.

आत शिरलो. आत अंधार. समोर पांढरं कापड ताणलेलं, त्येच्यावर शिनेमागत जंगल. झाडं हालत्यात, पाखरं वरडत्यात, एक रानडुक्कर आपलं निवांत जमीन उकरतंय. आणि एक पोरगी, बावीस-तेवीसची, पंजाबी ड्रेस, केस गच्च बांधलेलं, पलास्टिकची बंदूक फडक्यानं पुसत बसलेली.

"काय गं," मी म्हणलो, "ही जागा कुणाची हाय, ठावं हाय का?"

"म्हसोबाची," ती म्हणली. मान वर न करता.

"म्हसोबानं मला दिलीया. बावीस वरसं झाली."

"मला कमिटीनं दिलीय, तात्या. पावती आहे."

माझं नाव केरबा, पण जत्रंत सगळी मला तात्याच म्हणायची. ह्या पोरीला ते कसं ठावं, ही गोष्ट तवा माझ्या डोसक्यात आली न्हाई. डोसक्यात निस्ती जागा.

कमिटीच्या दिनकर आण्णाला हुडकून आणला. पानाचा तोबरा भरलेला. बोलायच्या आधी त्येनं दोनदा थुकून घेतलं.

"तात्या, आता नेमबाजीची दोन दुकानं शेजारी कशी लावायची, सांगा. एक हितं ऱ्हाईल, एक हिरीमागं."

"आण्णा, हिरीमागं कुत्रं तरी फिरकतंय का?"

"तिला तरी कसं सांगू? पावती फाडलीया."

खरं सांगतो पावनं, त्या एका जत्रंवर माझ्या घरात चार म्हैनं चूल पेटायची. हौसा, म्हंजे माझी मालकीण, टेम्पोपाशी फुग्यांची पिशवी घिऊन उभी. तिच्याकडं बघवंना.

तवा ती पोरगी पुढं आली. "आण्णा, भांडण कशाला? तात्या मोठे नेमबाज आहेत. त्यांनी माझ्या खेळात पाच जनावरांवर नेम धरावा. तीन पडली तर मी हिरीमागं जाते. न्हाई पडली तर तात्यांनी जावं."

"पाचात तीन?" मला हसू आलं. "पोरी, पाचाच्या पाच घे. वर तुझा जनरेटर बी पाडून दाखवतो."

मी काय बढाई मारत न्हवतो. तवा माझ्या स्टॉलवर गिऱ्हाईक थंड पडलं, की मी एका हातात बिडी आणि एका हातात बंदूक धरून पाच फुगं फोडून दाखवायचो. ठो, ठो, ठो. लोक म्हणायचं, तात्याची नजर म्हंजे घारीची नजर. मला बी तसंच वाटायचं. रोज ऐकून ऐकून माणसाला काय बी वाटतं.

तिनं माईक घेतला आणि अख्ख्या जत्रंत सांगून टाकलं. अर्ध्या घटकंत तंबू भरला. माणसं ताडपत्रीखालनं शिरली. आण्णा पंच म्हणून खुर्ची टाकून बसला.

पोरीनं बंदूक माझ्या हातात दिली. हलकी, खेळण्यागत. वायर लावलेली. वर एक बारीक चाक.

"तात्या, हे चाक बघा. ह्येच्यावर आकडं हायत. पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे. जनावर किती मीटर लांब आहे ते पडद्यावर खाली दिसतं. तेवढ्यावर चाक लावायचं, मगच नेम धरायचा."

"कशाला?"

"गोळी जाता जाता खाली येते की. जनावर लांबचं असलं तर नळी जरा वर उचलायला लागती. किती उचलायची त्याचा हिशेब ते चाक करतं."

मी मनात म्हणलो, हां! हितंच मेख हाय. जो माणूस डाव जिकायला बसलाय त्यो दुसऱ्याला खरा हिशेब कशाला सांगंल? मी तिच्या जागी असतो तर दीडशेला पन्नास सांगितलं असतं, आणि वर पाणी पाजलं असतं.

पयलं डुक्कर आलं. खाली आकडा दीडशे.

"तात्या, दीडशेवर लावा."

मी चाकाला हात लावला न्हाई. नेम धरला, ओढला घोडा. डुकरापुढं कुठंतरी माती उडाली. डुकरानं माझ्याकडं बघितलं, पावनं, खरं सांगतो, आणि पुन्हा उकराय लागलं. लोक हसली.

"पन्नासवर होतं चाक," पोरगी म्हणली. "गोळी आधीच खाली पडली. आता हरीण येतंय, शंभरावर. शंभर लावा."

मी दोनशे लावलं. गोळी हरणाच्या डोक्यावरनं झाडात.

"तात्या, मी शंभर म्हणाले."

"तू म्हणलीस म्हणूनच न्हाई लावलं."

मागनं कोण तरी वरडलं, "आवो तात्या, बायकोचं ऐकताय तसं ऐका की पोरीचं!" हौसा तोंडाला पदर लावून हसतीया. माझीच बायको.

तिसऱ्याला मी मुकाट चाक लावलं, ती म्हणली तसं. डुक्कर पन्नासावर, म्हंजे जवळच, पडद्यावर मुठीएवढं. गोळी गेली ती शेपटीमागनं. चौथं तसंच. पाचवं तर हुबंच ऱ्हायलं हुतं, झोपल्यागत. ते बी वाचलं.

पाचातलं एक बी पडलं न्हाई. तंबूत नुसता शिट्ट्यांचा दंगा. आण्णानं तोबरा थुकला. "तात्या, हिरीमागं."

मी बंदूक ठेवणार, तेवढ्यात पोरीनं हात आडवा केला.

"आण्णा, थांबा. नव्या बंदुकीवर म्हाताऱ्या माणसाला असं धाडणं बरं न्हाई. ह्या खेळात शिकारीच्या आधी एक पाटी असती. बंदूक नीट मारते का बघायची. तात्यांनी त्या पाटीवर पाच गोळ्या माराव्यात. हालणार न्हाई, पळणार न्हाई. चाक मी लावून देते."

पडद्यावर पाटी आली. पांढरी, मधी काळा ठिपका. जिथं गोळी लागती तिथं तांबडी खूण उमटती. मी म्हणलो, आता तरी लाज ऱ्हाऊ दे म्हसोबा. श्वास धरला, आणि सावकाश पाच मारल्या.

पाच खुणा. पाची एकमेकीला चिकटलेल्या, आणि ठिपक्याच्या दोन बोटं उजवीकडं.

लोक पुन्हा हसली. "तात्या, ठिपका हिकडं, नजर तिकडं!" पण पोरगी हसली न्हाई. तिनं पडद्यावरच्या खुणांवर बोट फिरवलं, अगदी हळू, जखमेवरनं फिरवावं तसं. मग माझ्याजवळ आली. माईक तिनं खाली सोडला हुता.

"तात्या," ती हळूच म्हणली, "ज्याचा हात हलतो त्याच्या खुणा सगळीकडं पडतात. तुमच्या एका जागी पडल्या. म्हणजे तुमचा हात पक्का आहे. माझ्या बंदुकीची माशी सरळ आहे. मग तुम्ही दोन बोटं उजवीकडं नेम का धरता?"

आता पावनं, तुम्ही धंद्यात येताय म्हणून सांगतो. ह्यो नळीच्या टोकाला दाणा दिसतोय न्हवं, त्येला माशी म्हणत्यात. दर जत्रंच्या आदल्या दिशी मी पक्कड घ्यायचो आणि तीनी बंदुकांची माशी तांदळाच्या दाण्याएवढी उजवीकडं वाकवायचो. माशी उजवीकडं गेली, की छर्रा डावीकडं जातो. गिऱ्हाईक फुग्यावर नेम धरतंय, छर्रा दोन बोटं डावीकडनं निघून जातोय. फुगं बी लांब लांब लावायचं, मधी भरपूर जागा ठिवून. आणि मागं फळीवर हे काळं कापड. लोकांना वाटतं कापडावर फुगं उठून दिसत्यात. ते त्यासाठी न्हाई. छर्रा कुठं लागला ते दिसू नये म्हणून ते कापड. दिसलं, की शाणा माणूस नेम सुधारतो.

आणि मी? मी फुग्याच्या दोन बोटं उजवीकडं धरून पाच फोडायचो. बावीस वरसं. हाताला अशी सवय लागली, की सरळ बंदूक हातात आल्यावर बी हात आपला उजवीकडंच गेला. ज्या बंदुकीत कसलीच लबाडी न्हवती, तिनं मला धरलं.

पोरगी तोंडाकडं बघत हुती. मी म्हणलो, "कोण गं तू?"

"हिंदुराव घाडग्यांची वैजयंता. हितलीच." आणि मग म्हणली, "तुम्ही मला फणी दिली होती. पिवळी."

मी बंदूक खाली ठिवली.

फणी मी शेकडो पोरींना दिली असंल. हरलेल्या गिऱ्हाइकाच्या पोराला फणी न्हाईतर फुगा द्यायचा, म्हंजे रडत न्हाई. पण हिंदुराव घाडगे मला ठावं हुता. त्येच्या अकरा वरसं आधीची गोष्ट. फौजी, सुट्टीवर आलेला. उंच, कडक, शर्टाची घडी मोडलेली न्हाई. बरुबर अकरा-बारा वरसाची पोरगी. पोरीला बक्षिसातलं गजराचं घड्याळ पायजे हुतं. धा छर्ऱ्यांत आठ फुगं फोडलं तर घड्याळ, असा माझा कायदा.

गावात फौजी बंदूक उचलतोय म्हणल्यावर ही गर्दी. त्येनं तांबड्या फुग्यावर नेम धरला. पयला छर्रा हुकला. दुसरा हुकला. तिसरा हुकल्यावर त्येनं बंदूक खाली घेतली, माशीकडं बघितलं आणि मला म्हणला, "तात्या, ही बंदूक कधी पाटीवर मारून बघितलीय का? ते मागचं कापड जरा काढा. छर्रा कुठं जातोय बघू."

कापड निघालं असतं तर धंदा तितंच बसला असता. आणि पावनं, जिभंला हाड न्हाई माझ्या. मी मोठ्यानं म्हणलो, "का वो मेजर, दुश्मन काय फौजंपुढं कापड काढून, पाटी लावून हुबा ऱ्हातोय व्हय?"

अशी हसली जत्रा! चिंचंवरची पाखरं उडाली.

त्यो माणूस तांबडा झाला. पण बोलला एवढंच, "नेम माझा आहे, बंदूक तुमची. दोघातलं खोटं कोण ते कळंल." आणि उरलेलं सात छर्रं त्येनं त्याच तांबड्या फुग्यावर मारलं. नेम केसभर हालवला न्हाई. दुसरा कोण असता तर हिकडं-तिकडं मारून बघितलं असतं. ह्येनं न्हाई. धाच्या धा हुकलं. मी पोरीच्या हातात पिवळी फणी ठिवली आणि म्हणलो, "घे, मेजरला केस तरी विंचरता येतील." पुन्हा हशा.

त्या दिवसापास्नं चिंचणीमाळात त्येचं नाव पडलं फुगेमेजर. पेन्शनीवर आला तरी फुगेमेजर. ग्रामसभंत बोलाय उभा ऱ्हायला तर मागनं कोण तरी गालानं फुगा फोडल्याचा आवाज काढायचं. हे मला दरसाली कळायचं. मी दरसाली हसायचो.

"अण्णा जत्रेला येत न्हाईत," वैजयंता म्हणली. बापाला ती अण्णा म्हणायची. "अकरा वर्षं. जत्रेच्या दिवशी दार लावून बसतात. मी शहरात शिकताना हा खेळ बघितला, आणि तिथं ही पाटी बघितली. म्हणलं, तात्यांना एकदा हिच्यावर मारायला लावायचं. मला जागा नको तात्या. तुमच्या मागच्या त्या भोंग्याचा आवाज आमच्या घरापर्यंत जातो. एकदाच सांगा, की माशी वाकडी होती. बास. मी तंबू उचलते."

आणि तिनं माईक माझ्या हातात दिला.

लोकांना काय ठावं न्हाई. त्यांना वाटलं म्हातारा आता रडतोय का बघू. आण्णा म्हणला, "बोला तात्या, हार माना, मोकळं व्हा." हौसा समोर. तिला सगळं ठावं, पक्कड तीच धरायला द्यायची. तिचं हसू थांबलं हुतं. तिनं मान हालवली. सांगा म्हणून हालवली, का सांगू नका म्हणून, ते मला आजवर कळलं न्हाई. नंतर इचारलं तर म्हणली, "मी कुठं हालवली?"

मी माईक तोंडापाशी धरला. भोंगा खरखरला. चार म्हैन्यांची चूल डोळ्यापुढं आली, वरसाच्या सोळा जत्रा डोळ्यापुढं आल्या. एका गावात कळलं, की सगळीकडं कळतं.

मी म्हणलो, "मंडळी, माझी नजर गेली. म्हातारा झालो. मला आता दिसत न्हाई."

बास. एवढंच.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोण तरी म्हणलं, आरारा. वैजयंतानं माझ्या हातातनं माईक काढून घेतला, वायर गुंडाळली. एक शब्द वाकडा बोलली न्हाई. म्हणली, "बरं तात्या. नजर जपा."

आणि आण्णाला म्हणली, "ज्याला दिसत न्हाई त्याला हिरीमागं कुठं पाठवायचं? ऱ्हाऊ द्या त्यांना हितंच." जिकलेली पोरगी हिरीमागं गेली. दोन माणसं लावून तंबू सोडला, दिवस मावळायच्या आत तिकडं ठोकला. दुसऱ्या दिशी तिकडं चार माणसं बी गेली न्हाईत.

आणि माझा स्टॉल, पावनं, तुम्हाला खोटं वाटंल, तसा धंदा मी जल्मात बघितला न्हवता! आंधळ्या तात्याची बंदूक म्हणून लोक तुटून पडली. ज्येचा मालकच आंधळा त्येची बंदूक सोपी असणार, असा त्यांचा हिशेब. पुढल्या जत्रंत बी तेच. मी बी काठी घिऊन हिंडाय लागलो, डोळं बारीक करून बघायचो. लोक छर्रं हुकवायची आणि वर मलाच समजवायची, "जाऊ द्या तात्या, देवाची करणी." वैजयंता पुन्हा त्या जत्रंत दिसली न्हाई. आता तितंच, चिंचणीमाळच्या शाळंत कॉम्प्युटर शिकवती म्हणत्यात.

आणि म्हसोबाला गंमत करायची हौस लई. धंदा सोडून काठी टाकली तवा लोकांना नाटक कळलं, आणि मग चार सालामागं खरंच डोळ्यात मोतीबिंदू आला. एक डोळा कापला, दुसरा तसाच. आता मी कुणाला सांगितलं मला दिसत न्हाई, तर लोक हसत्यात. म्हणत्यात, तात्या, आता तरी नाटक सोडा.

चहा घ्या. गार व्हईल.

बंदुका तुमच्या. माशी वाकडी ठिवायची का सरळ करायची, तुमचं तुम्ही बघा. पक्कड बी देतो. कापड बी घ्या. फळी मातूर नवी करून घ्या. जुनीतला हा तुकडा मी करवतीनं कापून काढलाय, ह्यो इकायचा न्हाई.

हिकडं आणा हात. लागतंय का बोटाला? भोकं हायत. त्या दिशी फौजी गेला, गर्दी पांगली, आणि मी सामान भरताना कापड उचललं. तांबड्या फुग्याच्या दोन बोटं डावीकडं ही दिसली. मोजा, धा हायत. आता ह्यो रुपाया ठिवतो त्यांच्यावर. बघा. दिसतंय एक तरी? धाच्या धा रुपायाखाली. अख्ख्या धंद्यात असा हात मी दुसरा बघितला न्हाई, आणि बघणारा मी एकटा. तवा बी गप बसलो, नंतर माईक हातात आला तवा बी गप बसलो. दोनदा त्येच्या गल्लीपातुर गेलो, हा तुकडा धोतराच्या सोग्यात घिऊन. कोपऱ्यावरनं माघारी आलो.

तुम्ही चिंचणीमाळला जाणारच हाय. कमानीपास्नं डाव्या हाताला तिसरं घर, दारात शेवग्याचं झाड. जत्रंच्या दिशी दार लावलेलं असंल, जरा जोरानं वाजवा. कोण फुगेमेजर म्हणत असलं तरी तुम्ही तसं म्हणू नका, हिंदुराव मेजर म्हणा. हा तुकडा त्येच्या हातात द्या, आणि त्येच्या देखत हा रुपाया वर ठिवा. आणि कुणी पाठवलं म्हणून इचारलं, तर माझं नाव घ्या, आणि एवढं सांगा, की त्या दिशी माईकवर केरबा खोटं बोलला, त्येची नजर चांगली हुती.